एपीचे क्रेडिट्स मेडिकल स्कूलला चालतात का? अमेरिकेत नवीन आलेल्या घरांसाठी, अगदी पहिल्यापासून

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं असताना दरवर्षी कोणीतरी मला गाठतंच. अहो तुमची मुलगी मेडिकलला आहे ना, मग आमच्या मुलाने शाळेत एपी बायो म्हणजे कॉलेजच्या तोडीची बायोलॉजी घेतलीय, त्याला कॉलेजात परत बायोलॉजी नाही ना करावी लागणार? आणि मी हातातला मोदक सांभाळत दरवर्षी तेच सांगते, की कॉलेजसाठी कदाचित नाही करावी लागणार, पण मेडिकल स्कूल ते मान्य करेलच असं काही नाही. मग समोरच्याचा चेहरा पडतो, मागचे लोक पुढे सरका म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून एकदाचं सगळं बसून लिहिलं. मी डॉक्टर नाही, कौन्सेलर पण नाही, आयटीत टेस्टिंग करते, पण लेकीच्या वेळी या प्रकरणात इतकं डोकं फोडलंय की आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

हे मुख्यतः त्या घरांसाठी, जी मुलं आठवी-नववी-दहावीत असताना भारतातून इकडे आली आणि शाळेच्या पहिल्याच मीटिंगमध्ये ज्यांनी एपी हा शब्द दहा वेळा ऐकला.

खिडक्या दोन आहेत

साताऱ्याहून माझी आई मधली दोन-तीन वर्षं फोनवर विचारत होती, हिची नीट कधी आहे म्हणून. तिकडे बारावी, नीट, की लगेच एमबीबीएस, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत पोरगं डॉक्टर. इकडे आधी चार वर्षं साधं कॉलेज करायचं, त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय कुठलाही चालतो, इतिहासात मेजर करणारी पोरं पण प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या तयारीतली, असतात, प्री-मेड नावाची डिग्री अशी नसतेच, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, एमडी किंवा डीओ, दोन्ही डॉक्टरकीच्याच डिग्र्या. त्या मधल्या चार वर्षांत मेडिकल स्कूलने सांगितलेले काही ठरावीक कोर्स पूर्ण करावे लागतात, त्यांना प्रीरेक्विझिट म्हणतात. यादी बहुतेक ठिकाणी थोडीफार सारखीच: बायोलॉजी एक वर्ष लॅबसकट, जनरल केमिस्ट्री एक वर्ष लॅबसकट, ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे ज्याला सगळी पोरं ऑर्गो म्हणतात ती लॅबसकट, फिजिक्स एक वर्ष लॅबसकट, बायोकेमिस्ट्री निदान एक सेमिस्टर, इंग्रजी किंवा लिखाणाचे कोर्स, आणि थोडं गणित, त्यात हल्ली कॅलक्युलसपेक्षा स्टॅटिस्टिक्सला जास्त मान आहे. स्टॅनफर्डसारखी काही ठिकाणं कोर्सची सक्तीची यादीच ठेवत नाहीत, पण त्याने फार हुरळून जाऊ नका कारण मूल एका ठिकाणी अर्ज करत नाही, पंधरा-वीस ठिकाणी करतं, आणि तयारी सगळ्यात कडक ठिकाणाच्या हिशोबानेच करावी लागते.

आता एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था हे चालवते. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा कोर्स, मे महिन्यात परीक्षा, स्कोअर १ ते ५, निकाल जुलैत. चांगला स्कोअर असला की बरीच कॉलेजं त्या विषयाचे क्रेडिट्स देतात, क्रेडिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप, तसे ठरावीक जमले की डिग्री.

गोंधळ इथेच होतो. कॉलेजने क्रेडिट दिलं याचा अर्थ एवढाच की त्या कॉलेजची डिग्री मिळायला तो कोर्स झाला असं धरलं. मेडिकल स्कूल हे वेगळं ऑफिस, त्यांचे नियम वेगळे, ते स्वतः ठरवणार की हे क्रेडिट प्रीरेक्विझिट म्हणून धरायचं की नाही. तहसील कचेरीत जसा एका खिडकीवरचा शिक्का दुसऱ्या खिडकीवरचा माणूस बघतसुद्धा नाही तसंच. आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी पहिल्या खिडकीवर काम झालं की पेढे वाटतात आणि तीन वर्षांनी दुसऱ्या खिडकीवर येऊन अडकतात.

पायरी १: शाळेतच करायची कामं

ही पायरी सोपी आहे, फक्त तारखा सांभाळा. मे महिन्यातल्या परीक्षेसाठी नाव शाळेतून आदल्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यावं लागतं, उशीर झाला तर वर दंड. प्रत्येक परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास, उत्पन्न कमी असेल तर सवलत असते, विचारायला लाजू नका. वर्षाला एक स्कोअर रिपोर्ट फुकट पाठवता येतो पण त्यासाठी कॉलेजचं नाव २० जूनपर्यंत टाकावं लागतं, बारावीचं वर्ष असेल तर जे कॉलेज पक्कं झालंय तेच टाका, एकाच रिपोर्टमध्ये आधीच्या वर्षांचे स्कोअर पण जातात. ते विसरलात तर नंतर पैसे भरून पाठवावं लागतं, फार नाही पण उगाच.

सगळे एपी घ्या, दहा घ्या, बारा घ्या असं कोणी सांगेल. मेडिकलच्या प्रीरेक्विझिटशी संबंध येतो तो बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, कॅलक्युलस, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी आणि थोडाफार सायकॉलॉजी यांचाच. बाकीचे हौसेने घ्यावेत किंवा कॉलेज ॲडमिशनसाठी घ्यावेत, त्याबद्दल इथे काही म्हणायचं नाही.

पायरी २: कॉलेज काय देतं ते बघा, आणि नुसतं देतं का एवढंच बघू नका

प्रत्येक कॉलेजच्या साईटवर एपीचा एक तक्ता असतो. त्यात तीन गोष्टी बघायच्या. कुठल्या स्कोअरला देतात, कारण कुठे ३ चालतो, कुठे ४ लागतो, कुठे फक्त ५. मग कुठल्या कोर्सच्या बदल्यात देतात, कारण बायोलॉजी १०१ आणि १०२ दोन्हींच्या बदल्यात मिळणं वेगळं आणि नुसतं इलेक्टिव्ह म्हणजे कुठलातरी ऐच्छिक कोर्स म्हणून मिळणं वेगळं, इलेक्टिव्ह असेल तर मेडिकलच्या दृष्टीने ते शून्य धरा. आणि तिसरं म्हणजे लॅब त्यात धरलीय का. ही तिसरी गोष्ट कोणीच बघत नाही.

शिवाय क्रेडिट आणि प्लेसमेंट हे दोन वेगळे शब्द आहेत. प्लेसमेंट म्हणजे तुला पुढच्या वर्गात बसू देतो पण क्रेडिट देणार नाही. डार्टमथ कॉलेजने तर २०१८ मध्ये पदवी घेणाऱ्या बॅचपासून एपीला डिग्रीसाठी क्रेडिट देणं बंदच केलं. अशा कॉलेजात गेलेल्या मुलाकडे मेडिकल स्कूलला दाखवायला क्रेडिट नसतंच, पण तो वरच्या कोर्सला सरळ बसू शकतो, आणि पुढे वाचलंत की कळेल की तेच जास्त कामाचं आहे.

पायरी ३: ट्रान्सक्रिप्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा

पहिलं सेमिस्टर संपलं की मुलाला सांगायचं, अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजचं सगळ्या कोर्सचं गुणपत्रक, काढ आणि एपीची ओळ दाखव. जी मेडिकल स्कूल्स एपी घेतात त्यातली बरीच म्हणतात की ट्रान्सक्रिप्टवर विषयाचं नाव आणि किती क्रेडिट्स हे दोन्ही छापलेलं पाहिजे. टेक्सासमधल्या बहुतेक सरकारी मेडिकल स्कूल्सचे अर्ज टीएमडीएसएएस नावाच्या त्यांच्या वेगळ्या सिस्टिममधून जातात, तिथेही हाच प्रकार, कॉलेजने कोर्सचं नाव आणि क्रेडिट्स लिहून दिलेले असतील तर एपी चालतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. लेकीच्या ट्रान्सक्रिप्टवर वरच्या कोपऱ्यात एकच ओळ होती, एपी क्रेडिट २४. बस. बायो कुठे, केमिस्ट्री कुठे, काही नाही, जसा वाण्याने बिलावर सामान असं लिहून खाली एकदम आकडा टाकावा तसा. आम्ही खूष, २४ क्रेडिट्स म्हणजे जवळजवळ दोन सेमिस्टरचे पैसे वाचले. अर्ज करायच्या वर्षी एका मेडिकल स्कूलने विचारलं की यात बायोलॉजीचे किती, तेव्हा रजिस्ट्रार ऑफिसकडून पत्र घ्यायला लागलं आणि त्याला तीन आठवडे गेले, ते पण जून-जुलैच्या ऐन धांदलीत. कॉलेजचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती, सिस्टिम तशी होती. पण पहिल्याच वर्षी बघितलं असतं तर हे पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा अशी ढोबळ ओळ दिसली तर लगेच रजिस्ट्रारला मेल करा, विषयवार फोड असलेली ट्रान्सक्रिप्ट किंवा पत्र मिळेल का म्हणून.

पायरी ४: मेडिकल स्कूल्सची यादी आणि त्यांचे नियम

यासाठी एक खात्रीची जागा आहे, एमएसएआर, पूर्ण नाव मेडिकल स्कूल ॲडमिशन रिक्वायरमेंट्स. एएएमसी म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची जी संघटना आहे तिचा हा डेटाबेस, थोडे पैसे भरून वर्षभर वापरता येतो. प्रत्येक स्कूलच्या पानावर विषयवार तक्ता असतो, कोर्स सक्तीचा की नुसता शिफारस केलेला, लॅब लागते का, एपी चालतं का, ऑनलाईन चालतं का, कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजचं, चालतं का. डीओ स्कूल्ससाठी हे वेगळं बघावं लागतं, त्यांची अर्जाची सिस्टिम पण वेगळी, एएकॉमास.

सुरुवात आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल स्कूल्सपासून करायची कारण तिथे राज्यातल्या मुलांना झुकतं माप असतं आणि फी पण बाहेरच्यांपेक्षा कमी. मग बाकीची.

उत्तरं साधारण चार प्रकारची सापडतील. काही म्हणतात एपी चालतं, विषय संपला. काही म्हणतात चालतं पण त्याच विषयातला वरचा कोर्स तेवढ्याच क्रेडिट्सचा कॉलेजात केलेला पाहिजे. काही गणितात आणि इंग्रजीत घेतात, सायन्समध्ये नाही. आणि काही कशातच घेत नाहीत. यातला दुसरा प्रकार मला फार भेटला, आणि खरं सांगायचं तर तो मला पटतो पण.

तक्त्यात नीट कळलं नाही तर ॲडमिशन ऑफिसला मुलाने स्वतः मेल करायचा. मुलाने, आईबाबांनी नाही. हे कळकळीने सांगते कारण आपल्याकडे बाबाच फोन लावतात आणि पलीकडचा माणूस विचारतो की अर्ज कोण करणार आहे. मेल चार ओळींचा, माझ्या कॉलेजने एपी बायोच्या ५ स्कोअरवर अमुक कोर्सचे इतके क्रेडिट्स दिलेत, मी वर जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजी करतोय, तुमची बायोलॉजीची अट यात पूर्ण होते का. उत्तर आलं की एका फोल्डरमध्ये ठेवून द्यायचं, तारखेसकट. नियम बदलतात, म्हणून अर्ज करायच्या आधीच्या वर्षी परत एकदा विचारायचं.

पायरी ५: प्रत्येक विषयाचा वेगळा निर्णय

आता खरा मुद्दा. लोक विचारतात एपी वापरायचं की नाही, जसं काही एकच बटण आहे. प्रत्येक विषयाचं गणित निराळं आहे, आणि माझं मत असं झालंय की मेडिकलला जाणाऱ्या मुलाने एपीकडे सुट्टी म्हणून बघूच नये, एक इयत्ता वर बसायला मिळतंय एवढाच त्याचा फायदा घ्यावा.

बायोलॉजी. एपी बायोचे आठ युनिट आहेत, जीवनाची केमिस्ट्री, पेशी, पेशीतली ऊर्जा, पेशींचा संवाद, आनुवंशिकता, जीन एक्स्प्रेशन, नैसर्गिक निवड आणि इकॉलॉजी. यात हृदय, किडनी, फुप्फुसं कुठे दिसली का? नाही, कारण शरीरातल्या सिस्टिम्स त्यात जवळपास नाहीतच. आणि एमकॅटला नेमकं तेच भरभरून विचारतात. म्हणजे एपी बायोवर ५ मिळवून कॉलेजातली बायोलॉजी टाळणारं मूल किडनीतला नेफ्रॉन कधी शिकलंच नाही असं होऊ शकतं. उपाय सोपा, क्रेडिट घ्या, पहिल्या वर्षाचा मोठ्ठा दोनशे-तीनशे पोरांचा वर्ग टाळा आणि त्याऐवजी फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, मायक्रोबायोलॉजी यातले निदान दोन घ्या, एक तरी लॅबवाला. याने ‘एपी चालतं पण वरचा कोर्स हवा’ म्हणणारी स्कूल्सही खूष. आणखी एक फायदा म्हणजे वरचे वर्ग लहान असतात, प्रोफेसर नावाने ओळखतात, पुढे रेकमेंडेशन लेटर मागायला कोणीतरी असतं. लेकीचं सगळ्यात चांगलं पत्र फिजिऑलॉजीच्या बाईंनीच दिलं.

केमिस्ट्री. इथे जपून. एपी केमिस्ट्रीत जनरल केमिस्ट्रीचा भाग बराच येतो, ॲसिड-बेस, इक्विलिब्रियम, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सगळं, पण ते क्रेडिट वापरलं की पुढची पायरी एकदम ऑर्गो. म्हणजे घर सोडून आठ दिवस झालेलं, कपडे कसे धुवायचे हे यूट्यूबवर बघणारं पोरगं दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर ऑर्गोच्या वर्गात. आमचीने हेच केलं. पहिल्या मिडटर्मला शंभरात ४७. फोनवर नुसती मुसमुसत होती, आणि मला आठवतंय मी कोथिंबीर निवडत होते आणि मला कळेना की ही एवढी रडतेय ते ४७ साठी की आयुष्यात पहिल्यांदा ४७ मिळाले म्हणून. मग ती दर मंगळवारी ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसरांच्या भेटायच्या वेळेत, जाऊन बसायला लागली, रिॲक्शनचे बाण काढून काढून चार वह्या भरल्या आणि शेवटी बी आला. एमकॅटला, अर्जाला तो बी पुरला, पण आज परत ठरवायचं असतं तर मी सांगितलं असतं की जनरल केमिस्ट्री कॉलेजातच कर, निदान दुसरं सेमिस्टर तरी लॅबसकट कर आणि ऑर्गो दुसऱ्या वर्षी घे. जी मुलं केमिस्ट्रीत खरोखर पक्की आहेत आणि ज्यांना मेजरच केमिस्ट्री करायचाय त्यांनी खुशाल पुढे जावं, त्यांना नंतर ॲनालिटिकल किंवा फिजिकल केमिस्ट्री करावीच लागते, ती एपीच्या बदल्यात दाखवता येते. बाकीच्यांनी विचार करा. आणि एक, एपी केमिस्ट्रीने ऑर्गो सुटत नाही, हे एकदोघांनी खरंच विचारलं होतं म्हणून सांगते.

फिजिक्स. एपी फिजिक्स चार प्रकारचं आहे. फिजिक्स १ आणि २ हे बीजगणितावरचे, फिजिक्स सी मेकॅनिक्स आणि सी इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम हे कॅलक्युलसवरचे. आपल्या घरांत इंजिनियर बाबा असले की मुलाला सी घ्यायला लावतात, तेच खरं फिजिक्स म्हणून. बरोबर आहे, कॉलेजं सीला जास्त सहज क्रेडिटही देतात. पण गंमत बघा, सीमध्ये ऑप्टिक्स नाही, फ्लुइड्स नाही, थर्मोडायनॅमिक्स नाही, आणि एमकॅटला रक्त नळीतून कसं वाहतं, भिंग कसं चालतं, हेच विचारतात. मेडिकलसाठी कॅलक्युलसवालं फिजिक्स बहुतेक ठिकाणी लागत नाही, बीजगणितावरचं पुरतं. आम्ही एका सेमिस्टरचं क्रेडिट घेतलं आणि दुसरं सेमिस्टर लॅबसकट कॉलेजात केलं, ज्यात ऑप्टिक्स होतं. फिजिक्समध्ये वरचे कोर्स प्री-मेडच्या काही कामाचे नसतात, क्वांटम शिकून काय करणार, म्हणून वरचा कोर्स घ्या हा बायोचा उपाय इथे लागू पडत नाही. अर्धं-अर्धं करणं हाच मध्यम मार्ग.

गणित. कॅलक्युलसचं एपी डोळे मिटून वापरा, इथे अडवणारे कमी. एमकॅटला कॅलक्युलस येत नाही. येत नाही ते एक आणि कॅलक्युलेटर पण वापरू देत नाहीत, सगळा हिशोब हाताने नाहीतर डोक्यात, तेव्हा आजीने लहानपणी पाढे घोकून घेतले असतील तर आजीला थँक्यू म्हणा. स्टॅटिस्टिक्सचं एपी बऱ्याच ठिकाणी चालतं, तरी कॉलेजात एक बायोस्टॅटिस्टिक्स केलं तर रिसर्चमध्ये उपयोगी पडतं.

इंग्रजी. एपीचं क्रेडिट कॉलेज घेतं, मेडिकल स्कूल काही वेळा घेत नाही. लिखाणाचा भर असलेला एखादा कोर्स तसाही करा, तो इंग्रजी डिपार्टमेंटचाच हवा असंही सगळीकडे नसतं, काही ठिकाणी इतिहास किंवा तत्त्वज्ञानाचा लिखाणवाला कोर्स चालतो, मेलमध्ये विचारून घ्या.

सायकॉलॉजी. बहुतेक ठिकाणी सक्ती नाही, पण २०१५ पासून एमकॅटच्या चार भागांपैकी एक भाग सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा आहे. एपी सायकॉलॉजी झालेलं असेल तर ते परत नका करू, सोशिऑलॉजी घ्या.

जीपीएचं गणित, जे कोणी सांगत नाही

एपीला ग्रेड नसते. मेडिकलच्या अर्जात दोन जीपीए म्हणजे ग्रेडच्या सरासरी (४.० पैकी) बघतात, एक सगळ्याचा मिळून आणि एक फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्सचा, ज्याला बीसीपीएम म्हणतात. एपी यातल्या कशातच धरलं जात नाही.

समजा एका मुलीने सायन्सचे १६ क्रेडिट्स सोपे पहिल्या वर्षाचे केले, सगळ्यात ए म्हणजे ४.०, आणि २४ क्रेडिट्स अवघड, त्यात सरासरी ३.५. चाळीस क्रेडिट्सचा बीसीपीएम आला ३.७. दुसरीने ते पहिले १६ एपीने टाळले आणि त्याच्या जागी काहीच घेतलं नाही, तिचा ३.५. तिसरीने टाळलेल्या १६ च्या जागी वरचे कोर्स घेतले आणि त्यात सरासरी ३.७ मिळवली, तिचा येतो ३.५८. म्हणजे नुसत्या आकड्यावर बघितलं तर पहिली जिंकली. पण या हिशोबात एक मेख आहे, पहिल्या वर्षाचे ते सोपे म्हणवले जाणारे कोर्स मोठ्या युनिव्हर्सिट्यांत मुद्दाम गाळण लावल्यासारखे असतात, तिथे ए मिळेलच हे गृहीत धरू नका. माझ्या मते ज्या मुलाचा एपीचा पाया कच्चा आहे, म्हणजे ४ मिळाला पण घोकून मिळाला, त्याने कॉलेजात परत करावं आणि तिथला ए घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त लक्षात ठेवा की तोच कोर्स परत केला की बहुतेक कॉलेजं त्या एपीचं क्रेडिट काढून घेतात, दोन्ही मिळत नाही, आणि डिग्रीचा हिशोब तीन-चार क्रेडिट्सने मागे येतो.

लवकर संपवून तीन वर्षांत बाहेर पडायचा मोह पण होतो, फी बघितली की कोणालाही होईल. पण प्री-मेडला नुसते कोर्स पुरत नाहीत, हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरिंग, डॉक्टरांबरोबर शॅडोइंग म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघणं, रिसर्च, एमकॅटची तयारी, हे सगळं त्याच वर्षांत बसवायचं असतं, आणि तीन वर्षांत बाहेर पडायचं तर अर्ज दुसरं वर्ष संपल्या संपल्या करावा लागतो. एपीने वाचलेले तास मी तरी तिकडे लावायला सांगेन.

पायरी ६: ॲमकासमध्ये भरताना

एमडी स्कूल्ससाठी एकच सामाईक अर्ज असतो, ॲमकास. मे महिन्यात उघडतो, कॉलेज संपल्यावर मध्ये वर्ष न सोडता जायचं असेल तर तिसरं वर्ष संपताना भरायचा. त्यात ट्रान्सक्रिप्टवरचा प्रत्येक कोर्स हाताने टाईप करायचा असतो. एपीचे कोर्स ज्या टर्ममध्ये कॉलेजने क्रेडिट दिलं त्या टर्मखाली टाकायचे, कोर्सच्या प्रकारात ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट निवडायचं, ग्रेडची जागा रिकामी. शाळेत परीक्षा दिली पण कॉलेजने क्रेडिट दिलंच नाही, तर तो एपी इथे टाकायचा नाही, कितीही ५ असला तरी. अर्ज पाठवल्यावर त्यांची माणसं ट्रान्सक्रिप्टशी ओळ न् ओळ ताडून बघतात, त्याला गर्दीच्या दिवसांत कित्येक आठवडे लागतात, आणि चुका निघाल्या तर अर्ज परत येऊन आणखी उशीर. म्हणून हे रात्री जागून भरू नका. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो, ती वाचायची आणि मी ट्रान्सक्रिप्टवर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवत टिक करायची, दोन रविवार गेले.

व्हिसाचं एक, कारण हे विचारायला लोक कचरतात

बरीच मेडिकल स्कूल्स सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांचेच अर्ज घेतात, बाकीच्यांचे फार थोडी घेतात. मूल एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून, असेल तर २१ पूर्ण झाल्यावर तो व्हिसा संपतो, म्हणजे कॉलेज संपायच्या सुमारालाच, मग एफ-१ या विद्यार्थ्यांच्या व्हिसावर जावं लागतं. ग्रीन कार्डची रांग आपल्याला माहितीच आहे. एपीच्या प्रत्येक क्रेडिटचा कीस पाडण्याआधी एमएसएआरमध्ये आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेतात का हा रकाना आधी बघा, यादी तिथेच छोटी होईल आणि उरलेल्यांचेच नियम वाचायचे. वकिलाला पण वेळेत विचारा.

आणि ड्युअल एनरोलमेंट म्हणजे एपी नव्हे

शेवटची ही गोष्ट, कारण यात आमच्या नात्यातलाच एक मुलगा सापडला. हायस्कूलमध्ये असताना गावातल्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन कोर्स करता येतो, त्याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात, शाळा म्हणते एपीसारखंच आहे. क्रेडिटच्या बाबतीत असेलही, ग्रेडच्या बाबतीत अजिबात नाही. तो खराखुरा कॉलेजचा कोर्स आहे, त्याची ग्रेड ॲमकासच्या जीपीएत धरतात, आणि पुढच्या कॉलेजने ते क्रेडिट घेतलं असो वा नसो, ज्या ज्या कॉलेजात एक तरी कोर्स केलाय तिथली ट्रान्सक्रिप्ट द्यावीच लागते. एपीचा २ आला तर तो कोणाला दाखवायची गरज नाही, ड्युअल एनरोलमेंटचा सी मात्र कायमचा. हा मुलगा अकरावीच्या उन्हाळ्यात मजा म्हणून केमिस्ट्रीला बसला होता, निम्मे दिवस क्रिकेटच्या कॅम्पला, आला सी, आणि चार वर्षांनी अर्ज भरताना त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं की असा कोर्स केला होता. आईने जुन्या फाईलींमधून फीची पावती शोधून काढली तेव्हा कॉलेजचं नाव कळलं. तुमच्या मुलाने असं काही केलं असेल तर ती ट्रान्सक्रिप्ट आत्ताच एकदा काढून बघा, त्यावर नक्की काय छापलंय ते.